झेड/व्हीएमवर सीपीयू सेटिंग्ज टेस्ट करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोणासाठी लिहिलंय?

आयबीएमच्या मेनफ्रेमवर झेड/व्हीएम (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टिम) सांभाळणाऱ्यांसाठी, ज्यांच्याकडे एका एलपारमध्ये (मेनफ्रेमच्या एका स्वतंत्र भागात) पंधरावीस लिनक्स गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आहेत आणि वरून मेल येतो की "अमुक सर्व्हर स्लो आहे, शेअर वाढवा". पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत बसून अमेरिकेतल्या मशीन बघणारे बरेच जण या कामात नवीन येतायत, त्यांना कमांड मॅन्युअलमध्ये सापडतात पण सेटिंग लागू झाली की नाही आणि तिचा काही उपयोग झाला की नाही हे तपासायचं कसं, ते नीट कोणी सांगत नाही. म्हणून हे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. सीपीयू कमी पडत नसेल तर प्राधान्य ठरवणाऱ्या बहुतेक सेटिंग्ज काहीच करत नाहीत. सीपी, म्हणजे झेड/व्हीएमचा कंट्रोल प्रोग्रॅम, सीपीयूसाठी भांडण असेल तेव्हाच शेअर, म्हणजे कोणत्या गेस्टचा वाटा किती, ते बघतो. भांडण नसताना केलेली टेस्ट ही टेस्टच नाही.

नेमक्या कोणत्या सेटिंग्जबद्दल बोलतोय आपण?

तीन थर आहेत. सगळ्यात खाली पीआर/एसएम, म्हणजे मशीनचा स्वतःचा थर, तो खरे सीपीयू एलपारांमध्ये वाटतो, तिथे वेट (एलपारचा वाटा), लॉजिकल सीपीयूची (एलपारला दिसणाऱ्या सीपीयूंची) संख्या आणि कॅपिंग (वरची मर्यादा) येतं आणि ते एचएमसीवरून, म्हणजे मशीनच्या कंट्रोल कन्सोलवरून, बदलतात. मधे सीपी: शेअर, लिमिटहार्ड, लिमिटसॉफ्ट, सीपीयू पूल, आणि सेट एसआरएमखाली येणाऱ्या पोलरायझेशन, अनपार्किंग, एक्सेसयूज, सीपीयूपॅड वगैरे गोष्टी, शिवाय मल्टिथ्रेडिंग. सगळ्यात वर लिनक्स स्वतः, त्याला दिलेले व्हर्च्युअल सीपीयू.

सोसायटीच्या टाकीतच पाणी कमी आलं असेल तर घरातला नळ कितीही मोठा बसवा, धार तेवढीच राहणार. एलपारचं वेट कमी असताना गेस्टचा शेअर वाढवणं म्हणजे तेच. त्यामुळे टेस्ट सुरू करायच्या आधी कोणता थर आवळतोय ते बघा.

शेअर रिलेटिव्ह २०० केला, तरी काहीच फरक नाही. कमांड चालली नाही का?

चालली असणार, क्वेरी शेअर करून बघा. (रिलेटिव्ह म्हणजे बाकीच्या गेस्टच्या तुलनेतला वाटा.) फरक दिसत नाही याची कारणं बहुतेक वेळा दोन.

पहिलं कारण म्हणजे वर म्हटलं ते, भांडणच नाही. एलपार ४०% बिझी आहे, सगळ्यांना हवं तेवढं मिळतंय, मग २०० काय आणि ५०० काय.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. शेअर हा पूर्ण गेस्टचा असतो आणि तो त्याच्या चालू असलेल्या व्हर्च्युअल सीपीयूंमध्ये वाटला जातो. समजा गेस्टला ४ व्हर्च्युअल सीपीयू आणि रिलेटिव्ह २००, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५०. शेजारच्या गेस्टला एकच व्हर्च्युअल सीपीयू आणि डिफॉल्ट रिलेटिव्ह १००, त्याला पूर्ण १००. आता तुमच्या ४ सीपीयूवाल्या गेस्टमधलं काम सिंगल थ्रेडचं असेल, एखादी बॅच किंवा जुना जावा प्रोग्रॅम, तर ते २०० असूनही १०० वाल्याच्या मागे पडणार. असा प्रश्न आला की आधी व्हर्च्युअल सीपीयू मोजा. खूपदा उपाय शेअर वाढवणं नसतो, न लागणारे व्हर्च्युअल सीपीयू काढणं असतो. डेटाबेसवाल्या टीमला हे पटवायला वेळ लागतो, त्यांना चार सीपीयू हे एकापेक्षा चांगलेच वाटतात, म्हणून त्यांच्यासमोर टेस्ट करून दाखवा, बोलून भागत नाही.

मग शेअरची टेस्ट करायची कशी? साधी रेसिपी सांगा.

तीन टेस्ट गेस्ट घ्या, प्रत्येकी सारखे व्हर्च्युअल सीपीयू, शेअर १००, १०० आणि २००. तिघांमध्ये सीपीयू खाणारा लूप सोडा, प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयूवर एक. तिघांची मिळून मागणी एलपारला मिळणाऱ्या सीपीयूपेक्षा बरीच जास्त पाहिजे, नाहीतर भांडण होत नाही. आणि २०० वाल्याला दोन तृतीयांश एलपार खाता येईल एवढे व्हर्च्युअल सीपीयू पाहिजेत, कारण एक व्हर्च्युअल सीपीयू एका सीपीयूपेक्षा जास्त खाऊ शकत नाही, ही मर्यादा आधी लागली तर शेअरचं गणित कधीच दिसणार नाही. सगळं बरोबर असेल तर साधारण २५, २५, ५० असं वाटप दिसायला पाहिजे. मग १०० वाल्यांपैकी एक थांबवा. शेअर हे त्या वेळी रांगेत असलेल्यांमध्येच मोजले जातात, त्यामुळे उरलेल्या दोघांना एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश मिळायला पाहिजे. हे दोन आकडे जमले की तुमचा बेस तयार झाला.

त्यानंतर अ‍ॅब्सोल्यूट. एकाला अ‍ॅब्सोल्यूट ३०% द्या, बाकीचे रिलेटिव्हवाले उरलेल्या ७०% मध्ये आपापसात वाटून घेतात. अ‍ॅब्सोल्यूटची बेरीज फार वाढली, म्हणजे ९९ च्या वर गेली, की सीपी ती खाली ओढून बसवतो, म्हणजे तुम्ही दिलेली टक्केवारी मग शब्दशः खरी राहत नाही. जुन्या साइटवर प्रत्येक "महत्त्वाच्या" सर्व्हरला कोणीतरी कधीतरी अ‍ॅब्सोल्यूट दिलेला असतो आणि बेरीज कोणीच केलेली नसते. ती करा.

एक लक्षात ठेवा, कोणी आपला वाटा पूर्ण वापरत नसेल तर उरलेला सीपीयू बाकीच्यांत कसा वाटायचा हे जुन्या रिलीजमध्ये शेअरच्या प्रमाणात नीट व्हायचं नाही, ६.४ मध्ये शेड्युलर त्या बाबतीत सुधारला. त्यामुळे कोणाच्या जुन्या टेस्टचे आकडे तुमच्या आकड्यांशी जुळत नसतील तर आधी रिलीज विचारा.

टीसीपीआयपीचा शेअर ३००० का? कमी करू का?

नका करू. टीसीपीआयपीसारखी सर्व्हिस मशीन (बाकीच्यांना नेटवर्कसारखी सेवा देणारी) स्वतः थोडाच सीपीयू खातात पण त्यांना लागेल तेव्हा लगेच मिळाला नाही तर त्यांच्यावर अवलंबून असलेले सगळे एकदम अडकतात.

लिमिटहार्ड आणि लिमिटसॉफ्ट कधी वापरायचं, आणि तपासायचं कसं?

लिमिटहार्ड म्हणजे एलपार रिकामा पडला असला तरी ठरवलेल्या मर्यादेपुढे नाही. लिमिटसॉफ्ट म्हणजे ज्यांना लिमिट नाही त्यांची भूक भागली आणि तरी सीपीयू उरला तर मिळेल. म्हणून दोन्हीची टेस्ट वेगळी करायची. हार्डसाठी एकटा गेस्ट चालवा, बाकी सगळं शांत, आणि तो लिमिटच्या वर जातोय का बघा. सॉफ्टसाठी आधी एकटा चालवा, तो वर गेला पाहिजे, मग शेजारी बिनलिमिटचा भुकेला गेस्ट सोडा, तो खाली आला पाहिजे.

हार्ड लिमिट टेस्ट करताना सिंगल थ्रेडचं काम पण चालवून बघा, सगळे व्हर्च्युअल सीपीयू भरलेला लूप एकटा पुरत नाही. शेअरसारखीच इथेही व्हर्च्युअल सीपीयूंमध्ये वाटणी होते, आणि वापरणाऱ्याला "एकूण दीड सीपीयू दिलाय" म्हटल्यावर त्याची एक बॅच अर्ध्या सीपीयूवर अडकलेली असू शकते.

मग सीपीयू पूल कशाला?

एकापेक्षा जास्त गेस्टवर मिळून एकच मर्यादा घालायला. सॉफ्टवेअरचं लायसन्स कोअरवर मोजलं जातं तिथे हे फार उपयोगी आहे, सहा गेस्टवर तेच मिडलवेअर आहे पण मिळून २ आयएफएलच्या (लिनक्ससाठीच्या खास सीपीयूंच्या) वर जायचं नाही असं. डिफाइन सीपीयूपूल कमांडने पूल करायचा, शेड्युल कमांडने गेस्ट त्यात टाकायचा, क्वेरी सीपीयूपूलने बघायचं.

पूल दोन प्रकारे बनतो. लिमिटहार्डमध्ये टक्केवारी देता, कपॅसिटीमध्ये सीपीयूची संख्या. ८ आयएफएलच्या एलपारमध्ये २५% आणि कपॅसिटी २ एकच वाटतं, पण उद्या एलपारला अजून सीपीयू जोडले की टक्केवारीवाला पूल आपोआप वाढतो आणि कपॅसिटीवाला तिथेच राहतो. लायसन्ससाठी असेल तर कपॅसिटीच घ्या, माझं स्पष्ट मत आहे. ही टेस्ट तर लेखी ठेवा, कारण ऑडिटला कोणीतरी विचारणारच.

आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: पूल आयपीएलनंतर, म्हणजे झेड/व्हीएम परत बूट केल्यावर, राहत नाही. तो परत बनवावा लागतो, गेस्ट लॉगऑफ झाला की त्याची मेंबरशिपही जाते. म्हणून पूल सुरुवातीलाच ऑटोलॉगच्या प्रोफाइलमधून (सिस्टिम सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कमांडमधून) बनवा आणि गेस्टची नेमणूक डायरेक्टरीतल्या (गेस्टच्या व्याख्या असतात त्या फाइलमधल्या) कमांड स्टेटमेंटमध्ये ठेवा. टेस्ट प्लॅनमध्ये "आयपीएल केलं, सगळं परत जागेवर आलं" ही ओळ पाहिजेच. सेटिंग दुपारी लागू झाली एवढं पुरेसं नाही, ती आयपीएलनंतरही टिकली पाहिजे.

व्हर्टिकल पोलरायझेशन म्हणजे काय, थोडक्यात?

थोडक्यात होत नाही ते, जरा लांब सांगते, कारण झेड/व्हीएम ६.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, हे डिफॉल्ट आहे आणि तरी बऱ्याच जणांना क्वेरी प्रोसेसर्समध्ये "पार्क्ड" दिसलं की सीपीयू बिघडला असं वाटतं.

समजा मशीनवर १० शेअर्ड आयएफएल आहेत आणि दोन एलपार, एकाचं वेट २६०, दुसऱ्याचं २४०. पहिल्याचा हक्क ५२%, म्हणजे ५.२ आयएफएल. त्याला ८ लॉजिकल सीपीयू दिलेत. हॉरिझॉन्टल मोडमध्ये ही ५.२ आठांवर सारखी पसरते, प्रत्येकी ६५%, आणि पीआर/एसएम त्यांना कुठल्याही खऱ्या सीपीयूवर फिरवत राहतो. व्हर्टिकलमध्ये तीच ५.२ गोळा करून दिली जाते: ४ व्हर्टिकल हाय, ज्यांना अख्खा सीपीयू जवळपास कायमचा मिळतो, २ व्हर्टिकल मिडियम प्रत्येकी ६०% हक्काचे, आणि उरलेले २ व्हर्टिकल लो, ज्यांना हक्काचं काहीच नाही, दुसऱ्या एलपारचं उरलंसुरलं मिळालं तर मिळालं. (५ हाय आणि एक २०% वाला मिडियम असं का नाही? कारण मिडियमला निदान अर्धा सीपीयू हक्काचा राहावा असं पीआर/एसएम बघतो.)

फायदा कॅशचा, म्हणजे सीपीयूजवळच्या वेगवान मेमरीचा. काम त्याच त्याच सीपीयूवर परत आलं की त्याचा डेटा जवळच्या कॅशमध्ये सापडतो. आणि ज्या लॉजिकल सीपीयूंना पुरेसा सीपीयू मिळणार नाही असं सीपीला वाटतं त्यांना तो पार्क करतो, म्हणजे त्यांच्यावर कामच टाकत नाही. दर २ सेकंदांनी हा हिशोब परत होतो. पार्क होणं हा बिघाड नाही, तेच तर त्याचं काम आहे. कोणता सीपीयू कुठे बसलाय ते क्वेरी प्रोसेसर्स टोपॉलॉजीमध्ये दिसतं.

व्हर्टिकल आणि हॉरिझॉन्टलची तुलना केली, दोन्ही सारखेच आले. मग उपयोग काय?

तुम्ही कशाने टेस्ट केलीत? साधा लूप असेल तर सारखेच येणार! लूप मेमरीला हातच लावत नाही, त्याचं सगळं पहिल्या कॅशमध्ये मावतं, त्याला कुठेही फिरवलं तरी फरक पडत नाही. शेअर आणि लिमिटच्या टेस्टला लूप उत्तम, पोलरायझेशनच्या टेस्टला निरुपयोगी. इथे खऱ्यासारखं काम लागतं, डेटाबेस, जावा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, भरपूर मेमरी चाळणारं काहीतरी, आणि एकापेक्षा जास्त गेस्ट.

आणि मोजायचं काय तेही वेगळं. सीपीयू बिझी किती हे न बघता तेवढ्याच कामाला सीपीयू किती लागला ते बघा. सीपीयू मेजरमेंट फॅसिलिटीचे काउंटर एचएमसीवरच्या अ‍ॅक्टिव्हेशन प्रोफाइलमध्ये सुरू करायला सांगा, मग ते झेड/व्हीएमच्या मॉनिटर रेकॉर्डमध्ये येतात आणि एका इन्स्ट्रक्शनला किती सायकल लागल्या ते कळतं. हा आकडा खाली आला तर व्हर्टिकलने काम केलं. छोट्या एलपारमध्ये, दोनतीन सीपीयूंवर, फरक थोडाच दिसेल आणि तेही बरोबरच आहे.

पोलरायझेशन चालू सिस्टिमवर बदलता येतं, आयपीएल लागत नाही, त्यामुळे एकाच दिवशी त्याच लोडवर दोन्ही बाजू घेता येतात. मात्र गेस्टला सीपीयू डेडिकेट केलेला असेल किंवा मल्टिथ्रेडिंग चालू असेल तर ही अदलाबदल करता येत नाही.

अनपार्किंग लार्ज, मिडियम, स्मॉल यातलं काय ठेवू?

आधी क्वेरी एसआरएम करून आत्ता काय आहे ते बघा, गृहीत धरू नका. लार्जमध्ये सीपी जितके सीपीयू चालवता येतील तितके उघडे ठेवतो, स्मॉलमध्ये येणाऱ्या लोडला लागतील तेवढेच आणि वर सीपीयूपॅडचा हात राखून, मिडियम या दोघांच्या मधला. एलपार बराच वेळ मोकळा असतो, पण लॉजिकल सीपीयू भरपूर आहेत, अशा ठिकाणी स्मॉल टेस्ट करण्यासारखं असतं, कारण कमी सीपीयूंवर काम गोळा झालं की सीपीचा स्वतःचा खर्च कमी होतो. लोड झटक्याने वाढत असेल तर सांभाळून, दोन सेकंद हा मेनफ्रेमवर मोठा काळ आहे. म्हणून स्मॉलची टेस्ट करताना लोड सपाट ठेवू नका, एकदम वर नेऊन बघा आणि रिस्पॉन्स टाइम बघा.

टी/व्ही रेशो सगळे बोलतात, तो किती पाहिजे?

एकूण सीपीयू वेळ भागिले गेस्टने स्वतः वापरलेला वेळ. १ च्या जितका जवळ तितकं चांगलं. १.५, २ असा चढला म्हणजे सीपी स्वतःच खूप राबतोय. आदर्श आकड्यापेक्षा सेटिंग बदलण्याआधीचा आणि नंतरचा, त्याच लोडवरचा, हा फरक महत्त्वाचा. मात्र सिस्टिम अगदी रिकामी असताना हा रेशो मोठा दिसतो, त्याने घाबरू नका.

मल्टिथ्रेडिंग चालू केलं तर क्षमता दुप्पट होते ना?

नाही. झेड१३ मेनफ्रेमपासून, म्हणजे २०१५ पासून, झेड/व्हीएम आयएफएलवर एका कोअरचे दोन थ्रेड वापरू शकतो, पण दोन थ्रेड त्याच कोअरमधल्या त्याच गोष्टी वाटून घेतात. एकूण काम वाढू शकतं, किती ते वर्कलोडवर, आणि प्रत्येक थ्रेड मात्र एकट्यापेक्षा हळू चालतो. म्हणून भरपूर छोटी समांतर कामं असतील तर फायदा, आणि एकच व्हर्च्युअल सीपीयू १००% ला टेकलेला असेल तर तोटा. टेस्टआधी अशा १००% ला टेकलेल्या गेस्टची यादी काढा, त्यात सर्व्हिस मशीनही बघा, मास्टर प्रोसेसरवर (सीपीची काही कामं ज्या एकाच सीपीयूवर होतात तो) किती काम साठतंय तेही बघा.

सुरू करायला सिस्टिम कॉन्फिगमध्ये लिहून आयपीएल लागतं आणि व्हर्टिकल पोलरायझेशन असावंच लागतं. ६.४ पासून, एकदा असं सुरू केलं की चालू थ्रेडची संख्या १ आणि २ मध्ये सेट मल्टिथ्रेड कमांडने बदलता येते, त्यामुळे तुलना खूप सोपी झालीय. आणि चार्जबॅकवाल्यांना, म्हणजे सीपीयू वापराचं बिल लावणाऱ्यांना, टेस्टआधीच बोलावा! थ्रेडवर घालवलेला वेळ आणि कोअरवर घालवलेला वेळ हे दोन वेगळे आकडे आहेत, त्याच कामाचं बिल अचानक वाढलेलं दिसलं तर तुमची चांगली टेस्टसुद्धा मीटिंगमध्ये अडकेल.

सेकंड लेव्हल झेड/व्हीएमवर हे सगळं टेस्ट करता येईल का?

झेड/व्हीएममध्ये झेड/व्हीएम चालवता येतं ही या सिस्टिमची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. १९७२ च्या व्हीएम/३७० पासून चालत आलेली परंपरा आहे ही. कमांडचा सिंटॅक्स, ऑटोलॉगची प्रोफाइल, पूल परत बनतात का, डायरेक्टरीतले बदल, हे सगळं तिथे मनसोक्त करा, कोणाचं काही बिघडत नाही. पण परफॉर्मन्सचे आकडे तिथून घेऊ नका. तिथे व्हर्टिकल मोड मिळत नाही, मल्टिथ्रेडिंग मिळत नाही, आणि खालच्या झेड/व्हीएमने तुमचा सीपीयू कधी काढून घेतला ते वरच्याला धड कळतही नाही. आकड्यांसाठी वेगळा एलपारच मागा, छोटा का असेना.

लिनक्समध्ये टॉपला स्टील टाइम दिसतोय ३०%. शेअर वाढवू?

थांबा. स्टील म्हणजे लिनक्सला सीपीयू पाहिजे होता आणि मिळाला नाही, एवढंच. का नाही मिळाला हे लिनक्सला माहीत नसतं. गेस्टचं लिमिटहार्ड लागलं, पूलची मर्यादा लागली, दुसऱ्या गेस्टने घेतला, किंवा पीआर/एसएमने पूर्ण एलपारलाच थांबवलं, सगळं स्टीलमध्येच जमा होतं. परफॉर्मन्स टूलकिटमध्ये (झेड/व्हीएमचं मॉनिटरिंग टूल) यूस्टॅट स्क्रीन बघा, तिथे गेस्ट सीपीयूसाठी थांबलाय की लिमिट लिस्टवर बसलाय ते वेगवेगळं दिसतं. लिमिट लिस्टवर असेल तर शेअर दहापट केला तरी काही होणार नाही. आणि पीआरसीलॉगमध्ये लॉजिकल सीपीयूंचा सस्पेंड टाइम जास्त असेल तर दोष खालच्या थरात आहे, मग बोलणं एचएमसीवाल्यांशी करायचं.

किती वेळ डेटा गोळा करायचा?

मॉनिटरचा डिफॉल्ट इंटरव्हल १ मिनिटाचा आणि गेस्टच्या अवस्थेचं सॅम्पलिंग दर २ सेकंदांनी, म्हणजे एका मिनिटात ३० च सॅम्पल. एकदोन मिनिटांच्या आकड्यांवर काहीच ठरवू नका. लोड स्थिर झाल्यावर निदान पंधरावीस मिनिटं तरी घ्या, सुरुवातीची काही मिनिटं टाकून द्या. मॉनराइटची (मॉनिटरचा डेटा साठवणारं टूल) कच्ची फाइल जपून ठेवा, रिपोर्टचा स्क्रीनशॉट कामाचा नाही, सहा महिन्यांनी वेगळा प्रश्न आला की कच्च्या फाइलमधून उत्तर काढता येतं.

वेळेचंही लिहून ठेवा. अमेरिकेतली शनिवार रात्रीची चेंज विंडो म्हणजे आपल्याकडे रविवारची सकाळ, सिस्टिमचं घड्याळ एका झोनमध्ये, लिनक्सचं दुसऱ्या, आणि तुमची वही आयएसटीमध्ये. कमांड दिली ती वेळ क्वेरी टाइम करून सिस्टिमच्या घड्याळातलीच लिहा, तीनचार वाजताच्या रिपोर्टमध्ये नेमकी कोणती उडी कोणत्या बदलाची हे नंतर शोधावं लागत नाही.

एकाच विंडोत दोन सेटिंग्ज बदलल्या तर चालेल?

नाही. विंडो छोटी आहे, मॅनेजर घाई करतोय, सगळं मान्य. तरी एकच. शेअर आणि अनपार्किंग एकदम बदललं आणि रिस्पॉन्स सुधारला तर कशामुळे ते कधीच कळणार नाही, आणि बिघडला तर परत काय फिरवायचं तेही कळणार नाही. बदलाआधी क्वेरी एसआरएम, क्वेरी शेअर, क्वेरी सीपीयूपूल, क्वेरी प्रोसेसर्स यांचं आउटपुट फाइलमध्ये घ्या, परत फिरवायची कमांड आधीच टाइप करून ठेवा, आणि विंडोत वेळ उरला तर तीच टेस्ट जुन्या सेटिंगवर परत एकदा चालवा. आकडे पहिल्यासारखे आले तरच दिसलेला फरक सेटिंगचा होता असं म्हणता येतं.